स्मरण आणि निर्वाह : महाराष्ट्रातील युद्धस्मारकांचे एक वाचन

प्रास्ताविक

रणांगणावर पडलेल्या सैनिकाचे स्मारक उभारणे ही फार जुनी रीत आहे. मराठी भाषेत या मरणासाठी अनेक शब्द आहेत. बखरकार ‘कामास आले’ असे लिहितात. ‘धारातीर्थी पडणे’ या शब्दप्रयोगात शस्त्राच्या धारेला तीर्थाची प्रतिष्ठा दिलेली आहे. ‘हुतात्मा’ हा सावरकरांनी रूढ केलेला शब्द यज्ञाची कल्पना घेऊन येतो, तर वृत्तपत्रांतून ‘वीरमरण’ आणि ‘शहीद’ हे शब्द नित्य वापरले जातात. हे सारे शब्द जाणाऱ्याचे वर्णन करतात. मागे राहिलेल्यांसाठी भाषेने स्वतंत्र शब्द घडवले नाहीत. अलीकडे शासकीय व्यवहारात ‘वीरनारी’, ‘वीरमाता’, ‘वीरपिता’ हे शब्द आले. पण तेही मृताशी असलेल्या नात्यावरूनच सिद्ध झालेले आहेत.

भाषेत दिसणारी ही उणीव स्मारकांतही दिसते काय, आणि दिसत असल्यास ती पूर्वीपासूनच होती काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वीरगळ, सतीशिळा, देव्हाऱ्यातील टाक, कोरेगावचा स्तंभ, पहिल्या महायुद्धाच्या गावोगावच्या पाट्या आणि दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक या रूपांकडे येथे एक संहिता म्हणून पाहिले आहे. प्रत्येक रूपाला तीन प्रश्न विचारले आहेत. स्मारकावर कोणाची ओळख कोरली आहे? ते कोणी वाचावे अशी अपेक्षा आहे? आणि मृताच्या घराची जबाबदारी स्मारक उभारणाऱ्याने स्वीकारली आहे काय?

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : जुन्या परंपरेत स्मरण आणि निर्वाह ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांना लागून होती. आधुनिक काळात ती वेगळी झाली. स्मारके अधिक अचूक आणि भव्य झाली, परंतु घर मात्र त्यांच्या चौकटीबाहेर गेले.

वीरगळ : प्रतिमा आहे, नाव नाही

‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधील ‘वीरकल्लु’ म्हणजे वीराचा दगड या शब्दावरून आला आहे. शब्दाप्रमाणेच ही परंपराही आजच्या राज्यसीमा ओलांडून जाणारी आहे. महाराष्ट्रात गावाच्या वेशीजवळ, जुन्या महादेवाच्या मंदिराच्या आवारात किंवा पारावर असे दगड आढळतात. त्यांची रचना ठरलेली असते. दगडाचे तीन किंवा चार कप्पे केलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात. तळाच्या कप्प्यात लढाई असते. तेथे गायी कोरलेल्या असतील तर तो वीर गोधनाच्या रक्षणार्थ पडला असे समजले जाते. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. शिखरावर चंद्र आणि सूर्य असतात. ते आकाशात असेपर्यंत ही कीर्ती टिकावी, हा त्यांचा अर्थ.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकांचे युद्ध कोरलेले आहे. अभ्यासक त्याचा संबंध तेराव्या शतकातील यादव आणि शिलाहार यांच्या संघर्षाशी जोडतात. समुद्रावरची लढाई दगडात इतक्या तपशिलाने दाखवणारी शिल्पे दुर्मीळ आहेत. पण त्या नौकांवरचे पुरुष कोण होते हे शिल्प सांगत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. शिल्पकाराने मरणाचा प्रकार नोंदवला, मरणाऱ्याचे नाव नोंदवले नाही.

याचे एक स्पष्टीकरण असे देता येईल की, या दगडाच्या पहिल्या वाचकांना नावाची गरजच नव्हती. दगड गावात होता आणि घरही गावात होते. कोणाचा दगड कोणता हे सर्वांना ठाऊक होते. ही माहिती चार-पाच पिढ्यांत विरली. मग दगडाला शेंदूर लागला आणि माणसाचा देव झाला. दैवतीकरण हा विस्मरणाचाच एक आदरयुक्त प्रकार आहे, असे येथे म्हणावे लागते.

कर्नाटकात वीरगळांवर लेख असण्याचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतून या परंपरेची दुसरी बाजू कळते. दगड कोणी उभारला, मुलाने, भावाने की पत्नीने, हे काही लेखांत सांगितलेले असते. काही लेखांत मृताच्या कुटुंबाला दिलेल्या जमिनीची नोंद असते. अशा दानाला कन्नडमध्ये ‘नेत्तरुगोडगे’, म्हणजे रक्ताबद्दल दिलेली देणगी, असे नाव होते. ज्या दगडावर युद्ध, स्वर्ग आणि शिवपूजा आहे, त्याच दगडावर घराच्या पोटापाण्याची तजवीजही आहे. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दान देणाऱ्याने आपला शब्द सार्वजनिक ठिकाणी कोरून ठेवला. उद्या कोणी ती जमीन बळकावू लागला तर तोच दगड साक्षीला उभा राहणार होता. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरील ग्रंथामुळे या साधनांकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे रुजली. त्यातील कलात्मक भागाचा अभ्यास पुष्कळ झाला. निर्वाहाच्या बाजूकडे तेवढे लक्ष गेले नाही.

सतीशिळा आणि टाक : घराला मिळालेली जागा

वीरगळात घर अगदीच नसते असे नाही. वरच्या कप्प्यात काही वेळा वीराशेजारी त्याची पत्नी हात जोडून बसलेली दिसते. पण ती तेथे आहे ती स्वर्गात पोहोचलेली म्हणून. सतीशिळेवर हीच गोष्ट अधिक उघडपणे येते. स्तंभातून बाहेर आलेला, कोपरात दुमडलेला आणि बांगड्यांनी भरलेला हात हे तिचे चिन्ह आहे. बांगड्या शाबूत आहेत, म्हणजे ती विधवा झालेली नाही, असे हे शिल्प सांगते. प्रत्येक सतीशिळा सैनिकाच्या पत्नीचीच असते असे नाही. तथापि वीरगळाशेजारी ती जेथे उभी आहे, तेथे दोन्ही दगडांचा अर्थ एकत्र लावावा लागतो.

हा अर्थ कठोर आहे. स्मारकात प्रवेश मिळण्यासाठी स्त्रीने मरणे आवश्यक होते. जी मागे राहिली, जिने मुले वाढवली, शेत कसले, सासू-सासऱ्यांना सांभाळले, तिचा दगड सर्वसाधारणपणे नाही. वीराची आई नाही, लहान मूल नाही, म्हातारा बाप नाही. शिल्पपरंपरेने मरणाची तीन-चार दृश्ये कोरली, पण मरणानंतरच्या जगण्याचे दृश्य कोरले नाही. ‘नेत्तरुगोडगे’च्या लेखात ज्या वारसांची सोय आहे, ते शिल्पात अदृश्य आहेत. जुन्या परंपरेने निर्वाहाची जबाबदारी स्वीकारली, पण जगणाऱ्याला प्रतिमेची प्रतिष्ठा दिली नाही. तिचा गौरव करताना ही मर्यादा नजरेआड करता येत नाही.

घराने स्वतःचे स्मारक मात्र घरातच केले. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांच्या देव्हाऱ्यात कुलदैवतांच्या टाकांबरोबर ‘वीरा’चा टाक असतो. लढाईत पडलेल्या पूर्वजाची ही घोड्यावर बसलेली छोटी प्रतिमा. नाशिक परिसरात धुळवडीच्या दिवशी हे वीर मिरवणुकीने निघतात. येथे स्मारकाचे वाचक घरचेच आहेत आणि वर्षातून एकदा त्या मृताला घरातून वाजतगाजत नदीवर नेऊन परत आणले जाते. नाव बहुधा विसरले गेले आहे, पण नाते टिकून आहे. सार्वजनिक दगडाने जे केले नाही ते या ओंजळभर धातूने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

कोरेगावचा स्तंभ : नावाचे वारसदार

ईस्ट इंडिया कंपनीने युद्धस्मारकाची वेगळी पद्धत आणली. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईचे स्मारक म्हणून १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कंपनीच्या मृत सैनिकांपैकी ४९ जणांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि तो महार जातीतील पुरुषांच्या नावांना लागत असे. साध्या शिपायाचे नाव दगडावर येणे ही महाराष्ट्रातील स्मारकांच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू कंपनीच्या विजयाचा गौरव करणे हा होता. पुढे १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरली होती, त्यांच्या वंशजांना त्याच सैन्याचे दार मिटले. स्मरण राहिले आणि निर्वाह तुटला, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला भेट दिली. त्यानंतर स्तंभाचे वाचक बदलले आणि वाचकांबरोबर अर्थही बदलला. साम्राज्याच्या विजयाची खूण ही अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या कर्तृत्वाची आणि हक्काची खूण झाली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हात हाच स्तंभ होता.

या लढाईच्या ऐतिहासिक अन्वयार्थाविषयी आजही तीव्र मतभेद आहेत. त्यांत न शिरताही एक निष्कर्ष काढता येतो. स्मारकावर नाव असेल तर त्याला वारसदार मिळू शकतो, आणि असा वारसदार उभारणाऱ्याच्या हेतूला बांधील राहत नाही. नाव म्हणजे पुढच्या पिढीच्या हाती दिलेला पुरावा असतो. वीरगळाला ही शक्ती नव्हती.

महायुद्धाच्या पाट्या : माणसांचा आकडा

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी गेले आणि सुमारे ७४,००० मरण पावले. महाराष्ट्राचा संबंध विशेषतः मेसोपोटेमियाच्या आघाडीशी, म्हणजे आजच्या इराकशी आला. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुत येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडलेले हे सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. उपासमार, रोगराई आणि नंतरची कैद यांत असंख्य माणसे गेली. साताऱ्याच्या किंवा कोकणाच्या खेड्यातील घराला ना प्रेत मिळाले, ना अस्थी.

युद्ध संपल्यावर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. त्यांचा मजकूर साचेबंद होता. या गावातून अमुक इतके पुरुष महायुद्धास गेले आणि त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यात सांगितलेले असे. मोकळी जागा सोडून ठेवलेल्या छापील अर्जासारखी ही भाषा आहे. गावाचे नाव आणि दोन आकडे भरले की स्मारक पूर्ण होते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने या युद्धात ४६ जण गमावले आणि पुढे त्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला. गावाने आकड्याला आपली ओळख मानले, घराघरांत सैनिकी परंपरा चालवली आणि सरकारच्या निर्विकार नोंदीत स्वतःचा अर्थ भरला. पण पाटीपुरते बोलायचे तर तिने वीरगळाइतकीही माहिती दिली नाही. वीरगळात नाव नव्हते, निदान चेहरा होता. येथे चेहराही नाही.

परदेशातील स्मारकांत हा भेद अधिक उघड आहे. १९२९ मध्ये बसरा येथे झालेल्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद झाली. ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे आली. भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या दिली गेली. मराठा पलटणींतील शिपाई या संख्येत आहेत. १९९७ मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावरील वाळवंटात नेण्यात आले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य करून माफी मागितली. सुमारे ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. शंभर वर्षांनी आलेली ही कबुली मोलाची आहे. परंतु जिला ती ऐकायची होती ती आई, ती पत्नी केव्हाच गेली. उशिरा झालेल्या स्मरणात निर्वाहाचा प्रश्न उरतच नाही, ही त्याची सोय आहे आणि हीच त्याची उणीवही आहे.

कागदावरचे स्मारक : बालपरवेशीपासून २०१७ पर्यंत

दगडाबरोबर कागदही वाचला पाहिजे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्यांच्या मुलांच्या पालनासाठी ‘बालपरवेशी’ नावाने नेमणूक करून दिली जाई. या शब्दात शौर्याचा उच्चार नाही, स्वर्गाचाही नाही. मूल वाढले पाहिजे, एवढीच साधी गोष्ट तो सांगतो. मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने घडलेला शब्द शोधायचा तर आपल्या प्रशासकीय परंपरेत तो हाच आहे, आणि तो विस्मृतीत गेला हे खेदजनक आहे.

आजचे कुटुंबनिवृत्तिवेतन, अनुदाने आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये ही त्या कर्तव्याची आधुनिक रूपे होत. ती अधिक व्यापक आणि नियमबद्ध आहेत, यात शंका नाही. पण नियमांतूनही एक प्रतिमा कोरली जात असते. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता सैनिकाच्या पत्नीने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे. मृत पतीच्या भावाशी विवाह केला तरच तो चालू राही. संरक्षण मंत्रालयाने ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली. म्हणजे त्या वर्षापर्यंत शासन त्या स्त्रीला, तू त्याच घरची राहशील तोवरच तुझ्याकडे त्याच्या शौर्याचा वारसा, असे सांगत होते. सतीशिळेवरील हात आणि या नियमातील अट यांत काळाचे अंतर मोठे आहे, आशयाचे तितके नाही. दोन्हींत स्त्री ही स्मारकाचा भाग मानलेली आहे.

दुसऱ्या बाजूला आईवडिलांचा प्रश्नही आहे. २०२४ मध्ये एका मरणोत्तर कीर्तिचक्राच्या मानकऱ्याच्या पालकांनी ‘निकटतम नातेवाईक’ या निकषात बदल व्हावा अशी मागणी केली आणि देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत सुनेविषयी जी भाषा वापरली गेली, ती अनेकदा अशोभनीय होती. पण मूळ पेच खरा आहे. एका मृत्यूने दोन पिढ्यांचा आधार जातो आणि नियमाला मात्र एकच वारस दिसतो. पुनर्विवाहाचे स्वातंत्र्य आणि वृद्ध पालकांचा निर्वाह या दोन न्याय्य गोष्टी आहेत. त्यांना परस्परांविरुद्ध उभे करणे हा व्यवस्थेचा दोष होय, त्यांपैकी कोणा एकाचा नव्हे.

राष्ट्रीय युद्ध स्मारक : नाव परतले, घर कोठे?

दिल्लीचे इंडिया गेट १९३१ मध्ये पूर्ण झाले आणि त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठी राष्ट्रीय पातळीवरचे असे स्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ हा दिवस उजाडावा लागला. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशा चार चक्रांची त्याची रचना आहे. त्याग चक्रातील ग्रॅनाइटच्या विटांवर एकेका सैनिकाचे नाव कोरलेले आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावे होती. येथे हुद्द्यानुसार किंवा जातीनुसार भेद नाही. शिपायाची वीट आणि अधिकाऱ्याची वीट सारखीच आहे. बसऱ्याच्या भिंतीवरील अन्यायाला हे उत्तर आहे आणि त्याबद्दल या रचनेचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

तरीही आपला तिसरा प्रश्न शिल्लक राहतो. चार चक्रांत सैनिक आहे, शौर्य आहे, त्याग आहे, रक्षण आहे. त्यागाचे चक्र फक्त जाणाऱ्याचे आहे. ज्यांनी तो त्याग पुढची तीस-चाळीस वर्षे रोज केला, त्यांच्यासाठी त्या रचनेत प्रतीक नाही. स्मारक मृतांसाठी असते, कुटुंबाची काळजी हे कल्याण खात्याचे काम आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. त्याला उत्तर जुन्या दगडांतच आहे. युद्धाचे दृश्य आणि वारसाची जमीन एकाच पृष्ठभागावर कोरणाऱ्या समाजाला हा भेद ठाऊक नव्हता असे नाही; त्याने तो मान्य केला नव्हता.

मागे राहिलेल्यांना केवळ आश्रित मानणे हेही अपुरे आहे. सातारा जिल्ह्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा येथे वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांचा गौरव योग्यच आहे. मात्र गणवेश न घालणाऱ्या, शिवण शिवून किंवा शाळेत शिकवून घर उभे करणाऱ्या शेकडो स्त्रियांचे कर्तृत्व कमी प्रतीचे ठरू नये. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांनी अनुसरावा असे सुचवले. सैनिकाच्या अंत्यविधीला बंदुकीच्या फैरींची सलामी देणाऱ्या गावात त्याच संध्याकाळी त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडल्या जात असतील, तर त्या सलामीचा अर्थ काय, हे विचारण्याचे धैर्य एका ग्रामसभेच्या ठरावाने आपल्याला दिले आहे.

समारोप

या वाचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. वीरगळाने प्रतिमा दिली, नाव दिले नाही. पण त्याच परंपरेत निर्वाहाची सोय दगडावर नोंदली गेली. सतीशिळेने स्त्रीला जागा दिली, परंतु तिच्या जगण्याला दिली नाही. कोरेगावच्या स्तंभाने नावाचे सामर्थ्य दाखवले. महायुद्धाच्या पाट्यांनी नाव पुसून आकडा ठेवला. राष्ट्रीय युद्ध स्मारकाने प्रत्येक नाव समान मानून परत आणले. नाव आणि निर्वाह, मृताचा सन्मान आणि जगणाऱ्याचे स्वातंत्र्य, ही सर्व अंगे एकत्र सांभाळणारे रूप मात्र अजून घडायचे आहे.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपली महाविद्यालये दरवर्षी निधी जमा करतात. त्याच्या जोडीने इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र या विभागांना एक काम सहज करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे गाव निवडल्यावर त्या गावातील वीरगळ, महायुद्धाची पाटी आणि अलीकडच्या सैनिकाचे स्मारक यांची छायाचित्रांसह नोंद करावी, आकड्यांमागची नावे जुन्या माणसांना विचारावीत, आणि त्या घरांचे पुढे काय झाले हे त्यांच्या संमतीने, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पाट्यांची अक्षरे झिजत आहेत, वीरगळ रस्तारुंदीकरणात हलवले जात आहेत आणि आजोबांच्या बसऱ्याची गोष्ट ऐकलेली पिढीही आता थकली आहे. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येण्यासारखे राहणार नाही.

स्मारकासमोर डोके टेकवणे सोपे असते. त्या नावामागचे घर कसे चालले, हे विचारल्याशिवाय मात्र ते स्मरण पुरे झाले असे म्हणता येणार नाही.